नामदेवरायांनी जोडलेली माणसे

श्रीसंत नामदेवराय जातीने शिंपी. कुळ नरसीचे, ते गाव आज हिंगोली जिल्ह्यात, म्हणजे आम्हां भोकरदनकरांच्या मराठवाड्यातच. जन्म इ. स. १२७०. शिंप्याच्या पोराला शास्त्र कोण शिकवणार? पण औंढ्या नागनाथी विसोबा खेचरांची कृपा झाली आणि महाराज चंद्रभागेच्या वाळवंटी कीर्तनाला उभे राहिले.

उभे राहिले, पण एकटे नव्हे. ज्ञानोबारायांचे चरित्र त्यांनी आदि, तीर्थावळी, समाधी अशा तीन प्रकरणांत ओविले. आम्ही कीर्तनकार आजही त्याच्याच आधाराने बोलतो. घरची दासी जनाबाई गंगाखेडची. दळता-कांडता तिच्या मुखी अभंग आला तो याच घरच्या संगतीत. चोखोबांनी तर त्यांनाच गुरू मानले. चोखोबांची वाणी अनंतभट्ट नावाच्या ब्राह्मणाने लिहून घेतली, अशी परंपरा आहे. आम्ही पाठशाळेत व्याकरण पुष्कळ घोकले, पण अनंतभट्टांची ती लेखणी आम्हांस थोर वाटते.

१३३८ साली मंगळवेढ्यास गावकुसू कोसळून चोखोबा गेले. ज्यांना राउळात पाऊल टाकू दिले नाही, त्यांच्या अस्थी नामदेवरायांनी पंढरीस आणून महाद्वारापुढे समाधी दिली. १३५० साली आपणही तेथेच पायरीशी विसावले. ते दार सर्वांस उघडायला १९४७ साल आणि साने गुरुजींचे उपोषण लागले!

तेव्हा वारकरी हो, पायरीला हात लावाल त्या वेळी एवढे मनात धरा. सप्ताहात मागे बसलेल्या बुजऱ्या पोराला, माउलीला पुढे बोलवा, एक अभंग म्हणू द्या. रामकृष्णहरि.