प्लेगच्या साथीतील सावित्रीबाई

सावित्रीबाई फुले यांचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे नेवसे घराण्यात झाला. नवव्या वर्षी त्या जोतीरावांच्या सहधर्मचारिणी झाल्या आणि १८४८ साली पुण्यास मुलींच्या शाळेत शिकवू लागल्या. एवढा वृत्तान्त आपल्या ज्ञातीतील मुलांसही मुखोद्गत असतो. त्यांच्या अखेरच्या दिवसांची हकिगत मात्र आपण दोन ओळींत उरकतो.

१८९४ साली हाँगकाँगमध्ये हाहाकार उडविलेली प्लेगची साथ १८९६ साली मुंबईच्या मांडवी भागात प्रकटली व लवकरच पुण्यास पोहोचली. हा रोग उंदरांवरील पिसवांमुळे पसरतो, हे १८९८ पर्यंत कोणासही ठाऊक नव्हते. घर सोडावे तर जीव वाचतो, इतकेच लोकांस उमगले होते. परंतु घर सोडणे सर्वांस कोठून परवडणार? ऐपतदार मंडळी गावाबाहेर झोपड्या घालून राहिली. ज्यांचे पोट रोजच्या मजुरीवर, ते दाट वस्तीत तसेच राहिले. मुंबईत सधन ज्ञातींनी आपापल्या माणसांकरिता स्वतंत्र रुग्णालये काढली. ती व्यवस्था स्तुत्य खरी. पण ज्या ज्ञातीत धनिकच नव्हते, तिने कोणाच्या दारी जावे? अस्पृश्य गणलेल्या रुग्णास तर हात लावणाराही मिळणे दुर्घट. ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत हे लिहिताना संकोच वाटतो, तरी लिहिणे प्राप्त आहे.

जोतीराव १८९० साली निवर्तले होते. सावित्रीबाईंचे वय सहासष्ट. दत्तक पुत्र यशवंतराव, जे एका ब्राह्मण विधवेचे अपत्य होते, वैद्यक शिकून डॉक्टर झाले होते. त्यांच्याकडून बाईंनी हडपसरजवळ ससाणे यांच्या माळावर दवाखाना सुरू करविला. तेथे जात विचारली जात नसे. बाई स्वतः रुग्णांस घेऊन येत.

मुंढव्याच्या महारवाड्यातील गायकवाडांच्या मुलास प्लेगची गाठ आल्याचे कळताच त्या तेथे गेल्या आणि त्यास पाठीवर घेऊन दवाखान्यात आल्या. त्या आपल्या ज्ञातीच्या, हे आपण अभिमानाने सांगतो. तो मुलगा आपल्या ज्ञातीचा नव्हता, हेही त्याच श्वासात सांगितले पाहिजे.

या सेवेत बाईंस प्लेगने गाठले. १० मार्च १८९७ रोजी त्यांचे देहावसान झाले. त्यानंतर थोड्याच दिवसांत पुण्यात रँडच्या गोऱ्या सोल्जरांची घरझडती सुरू झाली.