अंगणात गेलेली शाळा : कै. ताराबाई मोडक

मराठी व गुजराती या दोन्ही समाजांनी आपल्या म्हणाव्यात अशा थोर व्यक्तींत कै. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांचे स्थान मोठे आहे.

राजकोटच्या अध्यापिका विद्यालयाचे प्राचार्यपद सोडून त्या भावनगरास गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात गेल्या. मारावाचून व धाकावाचूनच मूल मनापासून शिकते, हा प्रत्यय त्यांना तेथे आला. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला आणि माँटेसरी पद्धती या मातीत रुजविण्याचे कार्य सुरू झाले.

परंतु महाग साधनांचे हे शिक्षण सुखवस्तू घरांपुरतेच उरावे काय? या प्रश्नाने १९४५ साली त्यांना बोर्डीस नेले. अनुताई वाघ सहकारी म्हणून लाभल्या. शिंपले, बिया, पाने, खडे हीच साधने झाली. मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात गेली. पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी काम उभे राहिले. गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा निघाली. मुलांना न्हाऊमाखू घालणे हाही तेथे शिक्षणाचाच भाग होता.

१९६२ साली त्यांना पद्मभूषण किताब लाभला. त्यांच्या निधनानंतर दोनच वर्षांनी, १९७५ साली, केंद्र सरकारची बालविकास योजना सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. पहिल्या शाळेत लाभलेली माया मुलाला जन्मभर पुरते, या श्रद्धेने त्या जगल्या. गावोगावच्या अंगणवाड्या हेच त्यांचे खरे स्मारक होय.