रमाबाई रानडे : पाटीपासून सेवासदनापर्यंत

पुण्यात लक्ष्मी रस्त्याने जाणाऱ्या-येणाऱ्याला सेवासदन हे नाव नवे नाही. या संस्थेत मुलींच्या कितीतरी पिढ्या शिकून गेल्या. मात्र १९०९ मध्ये ही संस्था उभी राहिली तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर मुख्यतः लहान मुली नव्हत्या. ज्यांचे शिकण्याचे वय उलटून गेले असे घरादाराने आणि समाजाने ठरवून टाकले होते, त्या प्रौढ स्त्रिया होत्या. संसारात गुंतलेल्या गृहिणी, तारुण्यातच वैधव्य आलेल्या बायका आणि नवऱ्याने टाकल्यामुळे माहेरी परतलेल्या लेकी यांना पाटी-पेन्सिल हाती घ्यायला लावण्याचे काम रमाबाई रानडे यांनी आयुष्याच्या उत्तरार्धात केले. त्यांना ते साधले, कारण उशिरा शिकायला बसण्याची लाज, त्यासाठी सोसावी लागणारी बोलणी आणि तरीही शिकत राहण्यातील आनंद या तिन्ही गोष्टी त्यांनी स्वतः अनुभवल्या होत्या.

रमाबाईंचा जन्म २५ जानेवारी १८६२ रोजी आजच्या सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे या गावी कुर्लेकर घराण्यात झाला. माहेरचे नाव यमुना. मुलीच्या जातीने अक्षरओळख करून घेणे हे त्या काळी अशुभ मानले जाई. त्यामुळे माहेरी त्यांच्या कानावर पुराणातल्या कथा आणि व्रतवैकल्ये पडली, पण हाती पुस्तक कधी आले नाही. १८७३ मध्ये त्यांचा विवाह महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाला. वधू अकरा वर्षांची, वर तिशी ओलांडलेला, विद्वान म्हणून ख्याती पावलेला आणि नुकताच विधुर झालेला. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या रानड्यांनी वडिलांच्या आग्रहाखातर अल्पवयीन कुमारिकेशी लग्न केले, याबद्दल त्यांच्यावर टीकेची झोड उठली. मनाविरुद्ध घडलेल्या या गोष्टीचे शल्य त्यांना होतेच. ज्या मुलीचा हात धरला तिला निरक्षर ठेवायचे नाही, एवढे मात्र त्यांनी पहिल्या दिवसापासून ठरवले.

अकरा वर्षांची मुलगी आजच्या दृष्टीने बालकच. पण सासरचा उंबरठा ओलांडला की तिचे बालपण संपे आणि त्याबरोबर शिकण्याचा प्रश्नही निकालात निघे. रानड्यांच्या घरी सावत्र सासूबाई होत्या, विधवा नणंद होती, शिवाय नात्यातल्या अनेक वडीलधाऱ्या बायका होत्या. दिवसभर त्यांच्या हाताखाली काम करायचे आणि रात्री दिव्याच्या उजेडात पतीसमोर बसून अक्षरे गिरवायची, असा क्रम सुरू झाला. मुळाक्षरे लवकरच आली. पुढे शिकवण्यासाठी एक शिक्षिका घरी येऊ लागली आणि मराठी वाचन सुरळीत झाले. काही काळाने इंग्रजीचा श्रीगणेशा झाला आणि घरातले वादळ खऱ्या अर्थाने सुरू झाले.

मराठी शिकणे एक वेळ चालले असते. चार पोथ्या वाचता आल्या तर कोणाचे काही बिघडत नव्हते. इंग्रजी ही मात्र पुरुषांची, कचेरीची आणि परधर्मीयांची भाषा. ती शिकणारी सून हाताबाहेर जाणार याविषयी घरातल्या बायकांना शंका नव्हती. टोमणे सुरू झाले, मग अबोला आला, स्वयंपाकघरात वेगळी वागणूक मिळू लागली. रमाबाईंनी कोणाला उलट उत्तर केले नाही आणि पतीजवळ गाऱ्हाणेही नेले नाही. आत्या, नणंदा, सासूबाई यांचा मान राखायचा, घरातील कामात कसूर करायची नाही आणि अभ्यासही सोडायचा नाही, ही तिहेरी कसरत त्यांनी वर्षानुवर्षे केली. विरोध करणाऱ्या त्या बायकांनाही कोणी शिकू दिले नव्हते. आपल्याला जे नाकारले गेले ते धाकट्या सुनेच्या पदरात पडताना पाहणे सोपे नसते. या बायकांविषयी पुढे लिहिताना रमाबाईंनी छळाची हकिगत सांगितली, पण तीत सूडाची भावना येऊ दिली नाही.

या काळात त्यांना शिकायला लावणारी प्रेरणा कोणती? सुरुवातीला ती निखळ पतिनिष्ठा होती. पतीची इच्छा म्हणून शिकायचे, त्यांचे समाधान हेच बक्षीस. स्वतःला विद्येची गोडी आहे की नाही, हा प्रश्न त्या वयात आणि त्या संस्कारात मनाला शिवणेही अवघड होते. पण १८७८ मध्ये रानड्यांची बदली नाशिकला झाली आणि परिस्थिती पालटली. एकत्र कुटुंबाच्या धाकापासून दूर, स्वतंत्र बिऱ्हाडात अभ्यासाला वेळ मिळू लागला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे शिकलेल्या गोष्टीचा उपयोग करण्याचे प्रसंग येऊ लागले. हळदीकुंकवाच्या निमित्ताने बायका जमवायच्या, मुलींच्या शाळेत जायचे, समारंभात आभाराचे चार शब्द बोलायचे. वहीत राहिलेली विद्या चारचौघांत आली. मोठ्या माणसाचे शिकणे टिकते ते असेच. लहान मुलाला पुढे कधीतरी उपयोगी पडेल असे सांगून बसवता येते. प्रौढाला आज शिकलेले उद्या कामी आलेले दिसावे लागते.

पुण्याला परतल्यावर याची मोठी कसोटी लागली. मुलींसाठी हायस्कूल निघावे अशी मागणी तेथे जोर धरत होती. त्यासाठी भरलेल्या सभेत मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरांसमोर रमाबाईंनी इंग्रजीतून भाषण वाचले. सभेत कौतुक झाले आणि घरी आल्यावर वडीलधाऱ्या बायकांच्या तोंडून नको ते ऐकावे लागले. भरसभेत, पुरुषांसमोर आणि तेही परक्या भाषेत बोलणाऱ्या सुनेला क्षमा नव्हती. पण १८८४ मध्ये मुलींचे हायस्कूल सुरू झाले. तीच आजची हुजूरपागा. गिरवलेल्या इंग्रजी अक्षरांचा काही अंश आपल्यापुरता न राहता दुसऱ्यांच्या लेकींच्या वाट्याला गेला, हे पाहण्याचे भाग्य रमाबाईंना विशीतच लाभले. याच सुमारास पंडिता रमाबाई पुण्यात आल्या होत्या. त्यांची व्याख्याने ऐकायला आणि आर्य महिला समाजाच्या बैठकांना रमाबाई जात. एक स्त्री शास्त्राधारे बोलते आणि विद्वान माना डोलावतात, हे दृश्य त्यांच्यासाठी पाठ्यपुस्तकाहून मोठे होते.

शिकण्याला वय नसते हे वाक्य आपण सहज बोलतो. रमाबाईंनी ते प्रत्यक्ष घरात पाहिले. १८८६ मध्ये रानड्यांची सरकारच्या वित्त समितीवर नेमणूक झाली आणि त्या निमित्ताने उभयतांचे कलकत्त्यात वास्तव्य घडले. रानडे तेव्हा चाळिशी ओलांडलेले, नामवंत न्यायाधीश आणि अर्थशास्त्राचे जाणकार. त्यांनी बंगाली पुस्तके आणली आणि आधी स्वतः लिपीपासून शिकायला सुरुवात केली. दाढी करायला येणाऱ्या न्हाव्यासमोर पुस्तक धरून ते अडलेले शब्द आणि उच्चार विचारून घेत. एवढ्या मोठ्या माणसाने न्हाव्याला गुरू करावे याची रमाबाईंना गंमत वाटली आणि संकोचही वाटला. रानड्यांना मात्र त्यात काहीच वावगे दिसत नव्हते. ज्याला येते त्याला विचारावे, एवढाच त्यांचा हिशेब. मग तेच बंगाली त्यांनी रमाबाईंना शिकवले. प्रौढ विद्यार्थ्याचा सर्वांत मोठा शत्रू मंदबुद्धी नसते. आपले अज्ञान दिसेल ही भीती असते. ती भीती टाकून दिलेला माणूस रमाबाईंच्या समोर रोज वावरत होता. पुढे रानड्यांची दृष्टी अधू असल्याने वर्तमानपत्रे आणि पुस्तके वाचून दाखवण्याचे काम रमाबाईंकडे आले. शिष्या आता गुरूची गरज बनली होती.

१६ जानेवारी १९०१ रोजी रानडे गेले. रमाबाई तेव्हा अडतीस वर्षांच्या होत्या. पोटी मूल नव्हते. ज्यांच्यासाठी पहिले अक्षर गिरवले, ज्यांच्या समाधानासाठी टोमणे सोसले, ज्यांना वाचून दाखवण्यासाठी रोज वर्तमानपत्र उघडले, तेच राहिले नाहीत. शिकण्याचे कारणच संपले, असे त्या क्षणी वाटले असल्यास नवल नाही. त्या पुण्याला आल्या आणि वर्षभर समाजापासून अलिप्त राहिल्या. त्या काळच्या विधवेला समाजाने आखून दिलेली चौकट तयारच होती : देवपूजा, पोथी, कोनाडा. रमाबाई त्या चौकटीत विसावल्या असत्या तर कोणी त्यांना नावे ठेवली नसती. उलट साध्वी म्हणून गौरवच झाला असता.

त्या बाहेर पडल्या त्या मात्र दुसऱ्यांच्या दुःखाकडे. येरवड्याच्या तुरुंगातील स्त्री कैद्यांना त्या भेटू लागल्या, रुग्णांची विचारपूस करू लागल्या. १९०४ मध्ये मुंबईत भरलेल्या भारत महिला परिषदेच्या अध्यक्षपदी त्यांची निवड झाली. १९०८ मध्ये बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी मुंबईत सेवासदन स्थापन केले, त्याच्याही अध्यक्षा रमाबाईच झाल्या. पुढल्याच वर्षी, १९०९ मध्ये, भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर यांच्या साहाय्याने पुण्याचे सेवासदन रमाबाईंच्या वाड्यात सुरू झाले. पतीच्या पश्चात त्यांना शिकण्याचे नवे कारण सापडले होते. संस्था कशी चालवावी, वर्गणी कशी गोळा करावी, सरकारी अधिकाऱ्यांशी कसे बोलावे, आजारी माणसाची शुश्रूषा कोणत्या शास्त्राने करावी, हे सगळे त्या चाळिशीनंतर शिकल्या.

सेवासदनाची रचना पाहिली तर तीत संस्थापिकेचा अनुभव उतरलेला दिसतो. येथे येणारी बाई बाराखडीपासून सुरुवात करू शकत होती. पण अक्षरओळखीवर तिला सोडून दिले जात नव्हते. शिक्षिका होण्यासाठी अध्यापन वर्ग, हाताला काम मिळावे म्हणून शिवणकाम आणि हस्तकला, रुग्णसेवेचे शिक्षण असे पुढचे मार्ग खुले होते. बाहेरगावच्या स्त्रियांसाठी वसतिगृह होते. परिचारिकेचे काम हलके समजले जाण्याच्या त्या काळात पांढरपेशा घरातील विधवांना या कामासाठी तयार करणे म्हणजे मोठीच हिंमत होती. कोणाच्याही जातीच्या रुग्णाला स्पर्श करायचा, त्याची घाण काढायची, या कल्पनेनेच नातेवाईक हबकत. रमाबाई घरोघर जाऊन समजूत घालत. शिक्षणाच्या शेवटी पोट भरण्याचे आणि मानाने जगण्याचे साधन हाती येणार आहे, हे दिसल्यावर बायका टिकल्या.

सेवासदनाच्या एका वार्षिक समारंभातील प्रसंग पुण्यात बरेच दिवस बोलला गेला. केशवपन केलेली, लाल आलवण नेसलेली एक विद्यार्थिनी आपले काम सादर करण्यासाठी व्यासपीठावर आली आणि प्रेक्षकांत बसलेल्या महाविद्यालयीन तरुणांनी तिची हुर्यो उडवली. शांत स्वभावाच्या रमाबाई उठल्या आणि त्यांनी त्या सुशिक्षितांची भरसभेत कानउघाडणी केली. पदव्या घेऊनही ज्यांना आपल्याच बहिणीचे दुःख कळत नाही, त्यांच्या शिक्षणाचा उपयोग काय, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. सभा चिडीचूप झाली. घरातल्या बायकांची बोलणी मुकाट्याने ऐकणारी सून आपल्या विद्यार्थिनीसाठी मात्र गप्प बसली नाही. वय झाल्यावर शिकायला निघालेल्या बाईला एका हशाने पुन्हा कोनाड्यात ढकलता येते, हे रमाबाईंइतके कोणाला ठाऊक असणार?

१९१० मध्ये त्यांनी आपल्या आयुष्यातील आठवणींचे पुस्तक प्रसिद्ध केले. पतीचे चरित्र सांगण्याच्या हेतूने लिहिलेल्या त्या पुस्तकात एका शिकणाऱ्या मुलीचे आत्मचरित्रही आपोआप आले. मराठीतील स्त्रियांच्या आत्मपर लेखनात त्याचे स्थान मानाचे आहे. उतारवयातही त्यांनी उसंत घेतली नाही. १९२० च्या सुमारास पुण्यात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रश्न आला आणि आधी मुलांना सक्ती करावी, मुलींचे नंतर पाहू, असा सूर निघाला. त्याविरुद्ध स्त्रियांना संघटित करून रस्त्यावर आणण्यात रमाबाई पुढे होत्या. स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीतही त्यांनी भाग घेतला. १९२४ मध्ये त्यांचे निधन झाले. तोपर्यंत सेवासदनाच्या अध्यक्षपदाची धुरा त्यांच्याकडेच होती. १९६२ मध्ये जन्मशताब्दीनिमित्त भारतीय टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले आणि २०१२ मध्ये ‘उंच माझा झोका’ या मालिकेमुळे त्यांची कथा नव्या पिढीच्या घराघरात पोहोचली.

मालिकेने लोकांच्या मनात ठसवली ती पतीसमोर पाटी घेऊन बसलेली छोटी रमा. ते चित्र लोभस आहे, पण अर्धेच आहे. पती विद्वान, समंजस आणि शिकवायला उत्सुक असताना शिकणे ही अवघड असली तरी आधाराची वाट होती. खरी परीक्षा तो आधार गेल्यानंतर झाली. दुसऱ्याच्या इच्छेने सुरू झालेले शिक्षण तोवर त्यांचे स्वतःचे झाले होते आणि ते वाटून टाकण्याची निकड त्यांना जाणवली होती. म्हणून ते १९०१ मध्ये थांबले नाही. आज नोकरी-संसाराच्या धबडग्यात चाळिशीत एखादी भाषा, एखादी पदवी, एखादी कला शिकायला घेणारे आणि महिन्याभरात वही मिटून ठेवणारे पुष्कळ आहेत. वेळ नाही, हे कारण प्रत्येकाजवळ असते. रमाबाईंजवळही ते होते, आणि त्याखेरीज आणखी दहा होती. त्यांनी शिकलेले प्रत्येक अक्षर कोणाच्या तरी उपयोगी पडेल अशा जागी नेऊन ठेवले, आणि त्या जागेनेच त्यांना पुढचे अक्षर शिकायला लावले.