फ्लॉरेन्स नाइटिंगेल

फ्लॉरेन्स नाइटिंगेल (१२ मे, १८२० : फ्लॉरेन्स, इटली - १३ ऑगस्ट, १९१० : लंडन, इंग्लंड) या इंग्रज परिचारिका आणि आधुनिक परिचर्येच्या प्रवर्तक होत्या. हाती दिवा घेऊन रुग्णांमधून फिरणारी स्त्री, ही त्यांची प्रतिमा सर्वपरिचित आहे. एक परिचारिका पाळी संपवून गेली की रुग्णाची जबाबदारी कोणाची, या प्रश्नाचा त्यांनी केलेला विचार मात्र त्या मानाने उपेक्षित राहिला.

सधन कुटुंबाचा विरोध पत्करून त्यांनी १८५१ साली जर्मनीतील कायझर्सवेर्थ येथे शिक्षण घेतले. १८५३मध्ये लंडनमधील स्त्रियांच्या एका लहान रुग्णालयाच्या त्या अधीक्षक झाल्या. प्रत्येक मजल्यावर नळाने गरम पाणी यावे, जेवण वर चढवण्यासाठी यंत्र असावे आणि कोणत्या रुग्णाने घंटा वाजवली ते परिचारिकेला पाहताच कळावे, असा आग्रह त्यांनी धरला. परिचारिकेचा वेळ जिने चढण्यात जाऊ नये, हा त्यामागील हेतू होता.

स्कुटारी

क्रिमियन युद्धात, नोव्हेंबर १८५४मध्ये, त्या ३८ परिचारिकांसह तुर्कस्तानातील स्कुटारी येथील लष्करी रुग्णालयात पोहोचल्या. रात्री ८ नंतर इतर स्त्रियांना कक्षांत थांबण्यास त्यांनी मनाई केली होती. रात्रपाळी पुरुष सेवकांकडे असे आणि फेरी स्वतः नाइटिंगेल घेत. दिव्याच्या चित्रामागे ही पाळ्यांची व्यवस्था होती. तरीही पहिल्या हिवाळ्यात मृत्यूंचे प्रमाण भयावह राहिले. १८५५च्या वसंतात स्वच्छता आयोगाने गटारे व वायुवीजन सुधारल्यावर ते झपाट्याने उतरले.

लेखन व उत्तरायुष्य

‘नोट्स ऑन नर्सिंग’ (१८५९) या पुस्तकातील लहानसहान व्यवस्थेवरचे प्रकरण आजही वाचण्याजोगे आहे. आपण हजर असताना जे होते ते आपल्या गैरहजेरीतही व्हावे, अशी सोय करणे म्हणजेच प्रमुख असणे, असे त्या मानत. आपण कधी जाणार व कधी परतणार हे रुग्णाला आधीच सांगावे, मग ती १० मिनिटांची का अनुपस्थिती असेना, असे त्यांनी बजावले. आपल्यावाचून सर्वांचे अडते याचा अभिमान बाळगणाऱ्यांवर त्यांचा रोष होता. कोठार, कपाटे, नोंदवह्या व हिशेब कोणालाही समजतील आणि पुढे चालवता येतील असे ठेवण्यातच त्यांना खरा अभिमान वाटे.

१८६०मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांच्या नावाच्या निधीतून परिचारिकांचे विद्यालय सुरू झाले. १८५७पासून त्या बहुधा अंथरुणाला खिळलेल्या असत. विद्यालयाचा दैनंदिन कारभार अधिसेविका सारा वॉर्डरोपर यांच्याकडे होता; नाइटिंगेल पत्रांतून मार्गदर्शन करीत. १९०७ साली ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ हा सन्मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या.