देवी अहल्याबाईंचे तुळशीपत्र

ज्याचे पुष्कळ गेले, तो उरलेले अधिक घट्ट धरून बसतो, हा सामान्य मनुष्यस्वभाव आहे. पुत्र गेला म्हणजे धनावर माया जडते आणि घर रिकामे झाले म्हणजे पेटीच्या किल्ल्या जवळच्या वाटू लागतात. परंतु ज्यांच्या अंतःकरणात ईश्वरनिष्ठा खोल रुजलेली असते, त्यांच्या ठायी याच्या उलट घडलेले दिसते. माळव्याच्या देवी अहल्याबाई होळकर यांचे चरित्र या दृष्टीने मनन करण्यासारखे आहे.

अहल्याबाईंचा जन्म सन १७२५ मध्ये, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील चौंडी या गावी, माणकोजी शिंदे पाटील यांच्या घरी झाला. बालपणीच त्या मल्हारराव होळकरांचे पुत्र खंडेराव यांच्याशी विवाहबद्ध होऊन होळकरांच्या घरात आल्या. सुनेची बुद्धी व सचोटी पाहून मल्हाररावांनी दौलतीचा पुष्कळसा कारभार तिच्यावर सोपविला.

सन १७५४ मध्ये भरतपूरजवळील कुंभेरीच्या वेढ्यात तोफेचा गोळा लागून खंडेराव पडले. अहल्याबाईंचे वय त्या वेळी अठ्ठावीस वर्षांचे होते. पतीबरोबर सहगमन करण्याचा त्यांनी निश्चय केला; पण वृद्ध मल्हारराव सुनेपुढे पदर पसरते झाले. पुत्र गेला, आता तूच माझा पुत्र, असे विनवून त्यांनी तिला परत फिरविले. अहल्याबाई राहिल्या. आपले जिणे आता आपले उरले नाही, ते दुसऱ्यांसाठी ठेवलेले आहे, ही जाणीव येथूनच त्यांच्या आयुष्यात शिरली.

सन १७६६ मध्ये आलमपूर येथे मल्हारराव निवर्तले आणि पुढच्याच वर्षी एकुलता पुत्र मालेराव रोगाने गेला. दौलत निर्नायकी झालेली पाहून गंगाधर यशवंत या कारभाऱ्याने एखादे दूरचे मूल दत्तक घेण्याची व राघोबादादांना मोठा नजराणा देण्याची मसलत मांडली. अहल्याबाईंनी ती धुडकावली. थोरल्या माधवराव पेशव्यांनी त्यांचा अधिकार मान्य केला, सैन्याची धुरा तुकोजी होळकरांकडे आली आणि राज्यकारभार नर्मदातीरी महेश्वर येथून चालू झाला.

त्या वेळी होळकरांचा संचित खजिना अहल्याबाईंच्या हाती आला. त्यांनी त्यावर गंगोदक व तुळशीपत्र ठेवून तो धर्मकार्याला अर्पण केल्याचा संकल्प सोडला. ज्यावर तुळशीपत्र ठेवले ते आपले राहत नाही, हे आपल्याकडे लहान मूलही जाणते. पती, सासरे व पुत्र ज्याचे त्याने नेले; मग हे धन तरी माझे कसे, असा तो सरळ विचार होता. काशीचे विश्वनाथमंदिर, गयेचे विष्णुपदमंदिर आणि सोमनाथाचे नवे मंदिर या संकल्पातून उभी राहिली. पण संकल्पाचे धन दगडांतच अडकले असे नाही. उन्हाळ्यात वाटसरूंना रस्त्यावर पाणी मिळे, थंडीत आश्रितांना वस्त्रे मिळत. इतकेच नव्हे, तर शेतकरी पाखरांना हाकलून लावतात म्हणून उभ्या पिकाची शेते विकत घेऊन ती पाखरांसाठी मोकळी सोडली जात.

दुसऱ्याच्या धनाविषयीही त्यांची दृष्टी हीच होती. निपुत्रिक सावकार मेला की त्याच्या संपत्तीवर सरकारने हात टाकावा, अशी त्या काळची रीत. इंदूरचा एक धनाढ्य सावकार असा वारला, तेव्हा तुकोजींनी त्याच्या द्रव्यातून भाग घेण्याचे मनात आणले. त्याची विधवा महेश्वरास गेली. अहल्याबाईंनी तिलाच सर्व मालमत्तेची धनीण ठरविले आणि तुकोजींना शहराबाहेर तळ हलविण्याची आज्ञा धाडली. खरगोणच्या दोन विधवा तर आपले धन आपण होऊन त्यांच्या पायांशी ठेवण्यास आल्या होत्या. बाईंनी ते घेतले नाही. लोकांच्या उपयोगी पडेल असे काही करा, असे त्यांना सांगितले. त्या धनातून नदीला घाट बांधला गेला आणि गणपतीचे देऊळ झाले.

एवढे वैराग्य असलेल्या या साध्वीचे हृदय शुष्क झाले असेल, असे कोणास वाटेल. पण ते तसे झाले नव्हते. कन्या मुक्ताबाईचा पुत्र तारुण्यातच वारला आणि सुमारे वर्षभरात, सन १७९१ मध्ये, जामात यशवंतराव फणसे हेही गेले. मुक्ताबाईने सती जाण्याचे ठरविले. जी विनवणी एके काळी सासऱ्यांनी केली, तीच आता सहासष्ट वर्षांच्या मातेने कन्येच्या पायांशी बसून केली. राज्याची स्वामिनी म्हणून नव्हे, तर आई म्हणून त्या रडल्या. पण त्या निर्दय रूढीपुढे मातेचे अश्रू व्यर्थ ठरले. अहल्याबाई चितेपर्यंत चालत गेल्या. दोघा ब्राह्मणांनी त्यांचे हात धरून ठेवले होते. ज्वाळा उठताच त्यांचा धीर पूर्ण सुटला आणि त्या आक्रोश करू लागल्या. पुढे नर्मदेत स्नान करून त्या वाड्यात परतल्या. तीन दिवस त्यांनी अन्न घेतले नाही आणि कोणाशी शब्दही बोलल्या नाहीत.

ज्या बाईंनी खजिना सोडताना डोळ्याची पापणी हलविली नाही, त्या लेकीसाठी अशा कोसळल्या, यात विसंगती पाहणाऱ्याने गीतेतील अनासक्तीचा मर्मार्थ पुन्हा तपासावा. भगवंताने ममत्व टाकण्यास सांगितले आहे. करुणा व मैत्री ही तर त्याने भक्ताची लक्षणे म्हणून गणली आहेत. वस्तूंवरची मालकी सुटली म्हणजे माणसांवरचे प्रेम कमी होत नाही. उलट ते अडवणारे काही मध्ये उरत नाही. वैराग्याच्या नावाखाली माणसांविषयी उदासीन राहणारे व धनाची मात्र चिंता वाहणारे पुष्कळ आहेत. अहल्याबाईंनी चिंता वाहिली ती माणसांची.

चौथ्या दिवसापासून पुन्हा नित्यक्रम सुरू झाला: पहाटे उठून पूजा, पुराणश्रवण, दानधर्म, दुपारपासून सायंकाळपर्यंत दरबार आणि रात्री पुन्हा कामकाज. गाऱ्हाणे घेऊन येणाऱ्या प्रत्येकाची त्या स्वतः गाठ घेत. रक्ताचे जवळचे असे कोणी उरले नव्हते. पण दाराशी येणारा परका नव्हता. हा क्रम सन १७९५ च्या ऑगस्ट महिन्यात, वयाच्या सत्तराव्या वर्षी, महेश्वर येथे त्यांच्या देहाबरोबरच थांबला.

आपल्यापैकी फार थोड्यांजवळ राजकोश असेल. पण प्रत्येकाच्या घरी काही ठेवा असतो आणि प्रत्येकाच्या वाट्याला केव्हा ना केव्हा वियोगही येतो. त्या घडीला पेटीच्या किल्लीकडे हात जावा की शेजारच्या दुःखिताकडे, याचा निर्णय आधीच करून ठेवावा. आपल्या ठेव्यावर मनाने एक तुळशीपत्र आजच ठेवावे. मग ज्याचे ते आहे, तोच त्या घडीला आपल्याला सांभाळील.