ट्रम्पेटवाला चिक

वरातीत बँडवाल्याचा ट्रम्पेट वाजला की आपले पाय आपोआप थिरकतात. हाच ट्रम्पेट हिंदी सिनेमात गाजवला गोव्यातल्या हळदोण्याच्या आंतोनियो झेवियर वाझनं. जन्म १९१६ चा. मुंबईत तो ‘चिक चॉकलेट’ झाला, लोक त्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. ताजमहाल हॉटेलात त्यानं स्वतःचा बँड चालवला. सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’त (१९५१) तर त्याचे वादक थेट पडद्यावर दिसतात. १९६७ मध्ये तो गेला.

गोव्यात चर्चच्या शाळांत गावातल्या पोरांना नोटेशन वाचायला शिकवायचे. म्हणूनच तिथले इतके वादक मुंबईच्या स्टुडिओंत पोचले. दम उदगीरच्या पोरांतही आहे. लहानपणीच सूर वाचायला शिकवणारं कुणीतरी हवं, बस्स!