हॉलस्टेड यांना दिलेले औषध

वॉर्डात रबरी हातमोजे चढवताना मला अनेकदा डॉ. विल्यम हॉलस्टेड आठवतात. 1852 मध्ये न्यूयॉर्कला जन्मलेले हे सर्जन मोठे धडाडीचे. कोकेनने डोळा बधिर करता येतो, हे 1884 मध्ये व्हिएन्नाहून कळले आणि हॉलस्टेड व त्यांच्या सहकाऱ्यांनी कोकेनची इंजेक्शने स्वतःलाच टोचून पाहिली. दाढ काढण्यापूर्वी आज आपण जबड्यात जी सुई घेतो, तिचे मूळ त्या प्रयोगांत आहे. पण हॉलस्टेड कोकेनच्या पुरते आहारी गेले.

1886 मध्ये त्यांना प्रॉव्हिडन्सच्या बटलर रुग्णालयात ठेवले. कोकेन सोडवण्यासाठी तिथे मॉर्फिन दिले गेले. त्या काळी तो उपचारच समजला जाई. मॉर्फिन मात्र मागे लागले ते लागलेच.

पुढे बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात त्यांनी नाव कमावले. जंतुनाशकाने परिचारिका कॅरोलिन हॅम्प्टन यांचे हात सोलवटले, तेव्हा त्यांनी गुडइयर कंपनीकडून पातळ रबरी मोजे करवून घेतले. 1890 मध्ये दोघांचे लग्नही झाले! हॉलस्टेड 1922 मध्ये वारले. त्यांचे सहकारी विल्यम ऑस्लर यांचे मोहोरबंद टिपण 1969 मध्ये उघडले, तेव्हा कळले की बाल्टिमोरला आल्यावरही त्यांना रोज सुमारे 200 मिलिग्रॅम मॉर्फिनच्या खाली येता येत नव्हते. एवढी मात्रा सवय नसलेल्या माणसाचा श्वास थांबवू शकते. त्यांच्या शरीराला ती पेलत होती.

आजच्या उपचारातही ही सवयच घात करते. अफू, हेरॉइनच्या व्यसनावर नाल्ट्रेक्सोनचे महिन्यातून एकदा द्यायचे इंजेक्शन आहे. ते नशा चढू देत नाही आणि त्याची स्वतःची चटक लागत नाही. पण शेवटची नशा करून किमान 7 ते 10 दिवस झालेले नसतील, तर उलट्या, जुलाब, तडफड सुरू होते, आणि टोचलेले औषध परत काढता येत नाही. टोचल्या जागी गाठ येते, क्वचित तिथले मांस सडते. यकृताची तपासणीही हवी. जीवघेणा धोका नंतरचा. महिन्याभरात औषधाचा असर ओसरतो, तोवर शरीराची सवय मोडलेली असते आणि रुग्ण जुनीच मात्रा घेतो. म्हणून इंजेक्शनची तारीख चुकली, तर नातेवाइकांनी त्याला बोल लावत बसू नये. त्याच दिवशी आमच्याकडे घेऊन यावे.